घरी येऊन गाडी धुणाऱ्या सेवेचं बुकिंग ॲप: वेळ, रस्ता आणि पाण्याचा हिशेब

घरपोच कार वॉशचं बुकिंग ॲप म्हटलं की डोळ्यांसमोर चार स्क्रीन येतात: सेवा निवडा, तारीख निवडा, वेळ निवडा, पैसे भरा. सलूनच्या बुकिंगचं तयार टेम्पलेट घ्यायचं, लोगो बदलायचा आणि सुरू करायचं. असं ॲप दिसायला चांगलं असतं, पण पहिल्याच गर्दीच्या रविवारी कोलमडतं. सलूनमध्ये गिऱ्हाईक खुर्चीपाशी येतं. इथे खुर्चीच गिऱ्हाइकाच्या दारी न्यायची असते, तीही स्वतःचं पाणी आणि वीज बरोबर घेऊन. त्यामुळे 'दहाचा स्लॉट मोकळा आहे का' या प्रश्नाचं उत्तर गाडी कोथरूडला उभी आहे की वाकडला, यावर बदलतं.

हा लेख पुण्यासारख्या शहरात एक ते पाच व्हॅन चालवणाऱ्या सेवेसाठी आहे. सोसायटीत रोज सकाळी बादली-फडक्याने गाड्या पुसून महिन्याचे पैसे घेण्याचा धंदा वेगळा आहे. तिथे प्रवास जवळपास नसतोच आणि बुकिंगपेक्षा हजेरीची वही महत्त्वाची असते. इथे आपण व्हॅन, टाकी, प्रेशर वॉशर आणि व्हॅक्यूम घेऊन दारी जाणाऱ्या सेवेबद्दल बोलतोय.

आधी व्हॅन समजून घ्या, मग कोड लिहा

घरगुती दर्जाचा लहान विजेचा प्रेशर वॉशर ताशी साधारण ३५० ते ५०० लिटर पाणी फेकतो, म्हणजे मिनिटाला ६ ते ८ लिटर. स्विफ्टसारखी गाडी धुताना ट्रिगर एकूण सात मिनिटं दाबला जातो असं धरा: तीन मिनिटं धूळ-माती उडवायला, चार मिनिटं फोम धुऊन काढायला. म्हणजे सुमारे ५० लिटर. पावसाळ्यात चिखलाने माखलेली मोठी एसयूव्ही असेल तर तेच ८० लिटरपर्यंत जातं.

आता टाकी. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो वजन. लहान टेम्पोची माल वाहण्याची क्षमता सातशे-साडेसातशे किलो असेल, तर उरलेल्या दोन-अडीचशे किलोत दोन माणसं, वॉशर, व्हॅक्यूम, बॅटरी-इन्व्हर्टर किंवा जनरेटर आणि रसायनांचे कॅन बसवायचे. त्यात चढाची बेसमेंट पार्किंग आली. त्यामुळे ३०० लिटरची टाकी जास्त व्यवहार्य ठरते. तीनशे भागिले पन्नास, म्हणजे एका भरणीत सहा लहान गाड्या. मोठ्या गाड्या तीनच. टाकी साध्या बागेच्या नळीने भरली तर मिनिटाला १२ ते १५ लिटर येतात, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं गेली. पाण्याच्या ठिकाणी जाणं-येणं धरून पाऊण तास.

हा पाऊण तास कॅलेंडरमध्ये कुठे आहे? बहुतेक ॲपमध्ये कुठेच नसतो. माणसं तो 'मधल्या वेळात' उरकतात आणि दुपारनंतरची प्रत्येक गाडी अर्धा तास उशिरा धुतली जाते. पाणी भरणं ही सिस्टीममध्ये बुकिंगसारखीच नोंद हवी: तिला सुरुवात हवी, शेवट हवा, ठिकाण हवं. फक्त तिला ग्राहक नसतो.

पाणी न वापरता, फवारा आणि मायक्रोफायबर कापडाने गाडी पुसण्याचा पर्यायही ठेवता येतो. त्याने टाकीचा प्रश्न सुटतो आणि ज्या सोसायट्यांमध्ये पाइपने गाडी धुवायला बंदी आहे तिथे तोच चालतो. पण वाळलेला चिखल असलेल्या गाडीवर तो करू नये, कारण कापडाखाली अडकलेले वाळूचे कण रंगावर बारीक चरे पाडतात. ॲपने जून ते सप्टेंबर हा पर्याय दाखवताना 'गाडीवर चिखल आहे का?' हे आधी विचारावं, आणि उत्तर 'हो' असेल तर तो पर्याय बंदच करावा. बारीक अक्षरातली सूचना कोणी वाचत नाही.

स्लॉट साठवायचा नाही, मोजायचा

नवशिके डेव्हलपर डेटाबेसमध्ये 'स्लॉट' नावाचं टेबल करतात आणि त्यात ९, १०, ११ अशा ओळी भरून ठेवतात. बुकिंग झालं की ती ओळ 'भरलेली'. घरपोच सेवेत हे चालत नाही. स्लॉट ही साठवण्याची वस्तू नाही. ग्राहकाने पत्ता, गाडी आणि सेवा सांगितल्यावर त्या क्षणी काढायचं ते उत्तर आहे.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. व्हॅनचं पहिलं काम पौड रोडला आहे, ते ८:३० ला संपतं. पुढचं काम बाणेरला ११:०० ला सुरू होतं. कर्वेनगरहून विनंती आली: क्रेटा, आतून-बाहेरून. धुलाई ५५ मिनिटं, सामान मांडायला १०, आवरायला ५, एकूण ७०. पौड रोड ते कर्वेनगर १५ मिनिटं, कर्वेनगर ते बाणेर ३५ मिनिटं. प्रत्येक दोन कामांमध्ये किमान १० मिनिटं मोकळी ठेवायची असा नियम आहे.

८:३० अधिक १५ अधिक १०, म्हणजे ८:५५. आपण दर पंधरा मिनिटांनीच वेळ देतो, म्हणून पहिली शक्यता ९:००. काम १०:१० ला संपेल, त्यात ३५ आणि १० मिळवले की १०:५५. बाणेरचं ११:०० चं काम सांभाळलं जातं. ९:१५ ला सुरू केलं तर? १०:२५, मग ११:१०. बाणेरवाल्याला उशीर. म्हणजे या ग्राहकाला सकाळी फक्त ९:०० ही एकच वेळ दाखवायची.

तीच क्रेटा वाकडला असेल आणि पौड रोडहून तिथे जायला ४० मिनिटं लागत असतील, तर ८:३० अधिक ४० अधिक १० म्हणजे ९:२०, पुढची पंधरा मिनिटांची खूण ९:३०. काम १०:४० ला संपणार. वाकड ते बाणेर २० आणि मोकळे १० धरले की ११:१०. जागा नाही. कॅलेंडरवर अडीच तास रिकामे दिसतात, तरी वाकडच्या ग्राहकाला या व्हॅनची एकही वेळ दाखवता येत नाही.

यातूनच स्क्रीनचा क्रम ठरतो: आधी पत्ता, मग गाडी, मग सेवा, मग वेळ, सर्वांत शेवटी फोन नंबर आणि पैसे. वेळ आधी आणि पत्ता शेवटी विचारणाऱ्या ॲपला ग्राहकाला दिलेला शब्द पाळता येणं शक्यच नसतं.

पाण्याची तपासणी याच हिशेबात बसते. शेवटच्या भरणीपासून किती लिटर खर्च झाले आणि हे काम मिळवल्यावर पुढच्या भरणीपर्यंत टाकी पुरेल का, एवढं पाहायचं. पुरणार नसेल तर मध्ये ४५ मिनिटांची भरणी टाकून हिशेब पुन्हा करायचा. तरीही बसत नसेल तर ती वेळ दाखवायची नाही.

प्रवासाचा वेळ कुठून आणायचा? गूगलच्या मार्ग सेवेला दर वेळी विचारलं तर उत्तर चांगलं मिळतं, पण ठरावीक मर्यादेपुढे प्रत्येक विचारणेचे पैसे पडतात, आणि एका ग्राहकाला आठवड्याच्या वेळा दाखवायच्या तर विचारणा भराभर वाढतात. सुरुवातीला शहराचे दहा-बारा विभाग पाडा आणि कोणत्याही दोन विभागांमधला वेळ एका तक्त्यात भरा: सकाळी ८ ते ११, दुपारी ११ ते ५ आणि संध्याकाळी ५ नंतर, असे तीन आकडे. चालकाला विचारून भरलेला हा तक्ता पहिल्या वर्षाला पुरतो. नंतर प्रत्यक्ष लागलेल्या वेळेवरून तो दर महिन्याला दुरुस्त करा. पिनकोडवर मात्र विसंबू नका. एकाच पिनकोडात नदीचे दोन्ही काठ किंवा महामार्गाच्या दोन्ही बाजू येऊ शकतात आणि पूल ओलांडायलाच वीस मिनिटं जातात. विभाग नकाशावर हाताने आखा, आणि ग्राहकाने टाकलेली पिन कोणत्या विभागात पडते ते पोस्टजीआयएसला (पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशाचं गणित शिकवणारी जोड) विचारा.

तिथे एक चूक हमखास होते. पोस्टजीआयएसमध्ये बिंदू देताना आधी रेखांश आणि मग अक्षांश असा क्रम असतो. गूगलच्या नकाशावर आपण उलटं वाचतो. पुणे साधारण १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व. आकडे उलटे गेले तर ग्राहक नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो आणि ॲप सांगतं, 'तुमच्या भागात सेवा उपलब्ध नाही'. कुठेही एरर येत नाही, म्हणून ही चूक दिवसेंदिवस सापडत नाही. साठवण्याआधी अक्षांश १८ ते १९ च्या मध्ये आहे का, एवढी एक ओळ टाका.

दोघांनी एकाच क्षणी तीच वेळ घेतली तर

रविवारी सकाळी ९:०० ची एकच वेळ शिल्लक आहे. दोन ग्राहक ती एकाच सेकंदात दाबतात. कोड आधी विचारतो 'मोकळी आहे का?', दोघांनाही 'हो' मिळतं, दोघांचीही नोंद होते. स्क्रीनवरचं बटण राखाडी करून हे थांबत नाही. थांबवायची जागा डेटाबेस.

पोस्टग्रेसमध्ये यासाठी एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट आहे. बुकिंगची वेळ 'सुरुवात' आणि 'शेवट' अशा दोन सुट्या रकान्यांऐवजी एका रेंजमध्ये ठेवायची आणि नियम घालायचा: एकाच व्हॅनच्या दोन चालू नोंदींच्या रेंज एकमेकींवर चढता कामा नयेत. व्हॅनचा क्रमांक आणि रेंज एका नियमात घ्यायचे असल्याने बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं. मग दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो, २३पी०१ हा एरर कोड येतो, आणि तो पकडून ग्राहकाला 'ही वेळ आत्ताच गेली, या पाहा जवळच्या वेळा' असं सांगता येतं. रेंजमध्ये सुरुवात धरलेली आणि शेवट सोडलेला ठेवा, म्हणजे १० ला संपणारं आणि १० ला सुरू होणारं काम भांडत नाही.

पण हा नियम फक्त वेळा एकमेकींवर चढू देत नाही. प्रवास आणि पाणी त्याला कळत नाही. म्हणून 'व्हॅन-दिवस' असं एक छोटं टेबल ठेवा, प्रत्येक व्हॅनच्या प्रत्येक तारखेला एक ओळ. बुकिंग करताना ट्रान्झॅक्शन (सगळं होईल, नाहीतर काहीच नाही असा कामांचा गट) सुरू करून आधी ती ओळ लॉक करा, म्हणजे तोवर दुसऱ्या कोणाला ती घेता येणार नाही, दिवसाचा हिशेब नव्याने करा आणि जमत असेल तरच नोंद घाला. दुसरी विनंती तेवढा वेळ थांबते, मग तिचा हिशेब ताज्या स्थितीवर होतो. एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट तरीही ठेवायचाच. उद्या कोणी ऑफिसातून ॲडमिन पॅनेल वापरून हाताने नोंद टाकेल, तेव्हा लॉक विसरला जाईल. कन्स्ट्रेंट विसरत नाही.

पैसे भरताना वेळ राखून ठेवावी लागते. वेळ निवडली की नोंद 'राखीव' होते, दहा मिनिटांत पैसे आले तर 'पक्की', नाहीतर 'सुटली'. इथे बरेच जण कन्स्ट्रेंटच्या अटीतच 'राखीव मुदत आत्ताच्या वेळेपेक्षा पुढे असेल तर' असं लिहू पाहतात आणि पोस्टग्रेस ते नाकारतो. अशा अटीत सतत बदलणारी आत्ताची वेळ वापरता येत नाही. उपाय सोपा आहे: नवीन नोंद घालण्याआधी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्या व्हॅनच्या मुदत उलटलेल्या राखीव नोंदी 'सुटली' करून टाका. दर मिनिटाला चालणारं वेगळं काम ठेवलं तर चांगलंच, पण त्याच्यावर अवलंबून राहू नका.

वेळेबद्दल आणखी एक. सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) चालतो आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. रात्री १२ ते पहाटे ५:३० या काळात सर्व्हरची तारीख अजून कालचीच असते. पहाटे पाचला उठून 'आज' दाबणाऱ्या ग्राहकाला कालच्या वेळा दिसतात, नाहीतर काहीच दिसत नाही. डेटाबेसमध्ये टाइमझोनसह वेळ साठवा आणि 'आज' म्हणजे कोणती तारीख हे नेहमी एशिया/कोलकाता लावून ठरवा.

पैसे: ग्राहकाच्या ब्राउझरवर विश्वास ठेवू नका

यूपीआयने पैसे देताना ग्राहक तुमचं पान सोडून दुसऱ्या ॲपमध्ये जातो, पिन टाकतो आणि अनेकदा परत येतच नाही. पैसे गेले, पण 'धन्यवाद'चं पान उघडलं नाही. बुकिंग पक्कं करण्याचा कोड त्या पानावर असेल तर ग्राहक पैसे भरून रविवारी वाट पाहत बसेल आणि व्हॅन येणार नाही.

म्हणून बुकिंग पक्कं होतं ते पेमेंट गेटवेच्या वेबहुकवर: पैसे जमा झाल्याचा संदेश गेटवे थेट तुमच्या सर्व्हरला पाठवतो. रेझरपे असो वा दुसरी कंपनी, नियम तेच. संदेशाबरोबर सही येते; ती एचमॅक शा-२५६ ने (गुप्त किल्ली वापरून सही तपासण्याची पद्धत) पडताळायची. पडताळणी आलेल्या मूळ मजकुरावरच करा. जेसन (संदेश ज्या मांडणीत येतो ती) उलगडून पुन्हा जुळवलं की एखादी मोकळी जागा बदलते आणि खरी सहीसुद्धा खोटी ठरते. तोच संदेश दोनदा येऊ शकतो, म्हणून प्रत्येक संदेशाची ओळख साठवून तिच्यावर युनिक इंडेक्स (तीच ओळख दुसऱ्यांदा न घेणारा नियम) लावा. संदेश उलट्या क्रमानेही येतात: 'जमा झाले' आधी, 'मंजूर झाले' नंतर. पक्क्या झालेल्या बुकिंगला मागे ओढणारा संदेश दुर्लक्षित करायचा. आणि वेबहुकला लगेच २०० (म्हणजे 'मिळालं') असं उत्तर द्या. मेसेज पाठवणं, पावती बनवणं ही कामं मागे रांगेत टाका. उत्तराला उशीर झाला की गेटवे अयशस्वी धरून संदेश पुन्हा पाठवतो.

मग उरतो तो अवघड प्रसंग: राखीव मुदत संपली, वेळ दुसऱ्याने घेतली आणि नंतर पहिल्याचे पैसे आले. यूपीआयमध्ये हे घडतंच. अशा वेळी तीच वेळ पुन्हा मिळते का ते पाहा. मिळाली तर पक्की करा. नाही मिळाली तर परतावा आपोआप सुरू करा आणि त्याच मेसेजमध्ये दोन जवळच्या वेळा सुचवा. हा रस्ता पहिल्याच आवृत्तीत लिहा.

रकमा पैशांत, पूर्णांकात साठवा: ५९९ रुपये म्हणजे ५९९००. किंमत बुकिंगच्या नोंदीतच कोरून ठेवा, सेवांच्या टेबलकडे बोट दाखवू नका. नाहीतर पुढच्या महिन्यात दर वाढवला की जुन्या पावत्याही बदलतात. गेटवेचं शुल्कही आधीच हिशेबात धरा. २ टक्के शुल्क असेल तर ५९९ वर ११.९८ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २.१६, म्हणजे १४ रुपये १४ पैसे.

पूर्ण पैसे आधी घ्यावेत की नंतर? पहिल्यांदा येणाऱ्या ग्राहकाकडून थोडी रक्कम, समजा ९९ रुपये, आधी घ्यावी आणि उरलेली काम झाल्यावर व्हॅनवरच्या क्यूआरने. आधी काहीच न घेतल्यास सहज बुकिंग करून विसरणारे वाढतात. पूर्ण घेतल्यास पावसाळ्यात परताव्यांतच दिवस जातो.

पत्ता, गाडी आणि वॉचमन

ग्राहकाला 'हॅचबॅक, सेडान की एसयूव्ही?' असं विचारू नका. ब्रेझाला कोणी लहान म्हणतं, कोणी एसयूव्ही. अर्टिगावाला हमखास गोंधळतो. मॉडेलचं नाव विचारा आणि वर्ग तुम्ही ठरवा. वॅगनआर, स्विफ्ट, बलेनो पहिल्या वर्गात. डिझायर, नेक्सॉन, ब्रेझा दुसऱ्यात. क्रेटा, अर्टिगा तिसऱ्यात. इनोव्हा, स्कॉर्पिओ चौथ्यात. प्रत्येक वर्गाला तीन आकडे जोडा: रुपये, मिनिटं, लिटर. हा एक तक्ता दर, वेळ आणि पाणी तिन्ही सांभाळतो.

पत्त्यात फ्लॅट नंबरपेक्षा पार्किंग महत्त्वाचं. विंग, पार्किंग नंबर, बेसमेंट आहे का, असेल तर उंचीची मर्यादा किती, जवळ नळ किंवा प्लग आहे का, सोसायटीत धुवायला परवानगी आहे का. उंचीचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण टाकी बसवलेली व्हॅन बेसमेंटच्या आडव्या पट्टीखालून गेली नाही तर काम रद्दच होतं. नकाशावरची पिन ग्राहकाला स्वतः सोसायटीच्या गेटवर ओढून ठेवू द्या. इमारतीच्या आत जीपीएस भरकटतं आणि पिन मागच्या गल्लीत पडते, जिथे गेटच नसतं.

आदल्या संध्याकाळी सातच्या सुमारास ग्राहकाला व्हॅनचा नंबर आणि येणाऱ्यांची नावं पाठवा, म्हणजे तो गेटवर आधीच कळवून ठेवेल. वॉचमनशी हुज्जत घालण्यात गेलेली पंधरा मिनिटं कुठल्याच कोडने परत मिळत नाहीत. आतली सफाई असेल तर 'किल्ली कोण देणार' हेही त्याच मेसेजमध्ये विचारा.

एसएमएससाठी ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमांप्रमाणे डीएलटी नोंदणी लागते: संस्था, पाठवणाऱ्याचं नाव आणि प्रत्येक मेसेजचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. साच्यापेक्षा पाठवलेला मजकूर वेगळा निघाला, अगदी एखाद्या पूर्णविरामाचाही फरक पडला, तर मेसेज वाटेतच अडतो आणि तुमचा सर्व्हर मात्र 'पाठवला' म्हणत राहतो. म्हणून पोचपावती तपासा. ही मंजुरी ॲप तयार झाल्यावर नको, पहिल्याच आठवड्यात मागा. मराठी मजकूर पाठवताना एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०. सत्तर ओलांडली की प्रत्येक तुकडा ६७ चा होतो आणि पैसे तुकड्यांप्रमाणे लागतात. मात्रा आणि वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे मोजणी डोळ्यांनी नको, कोडने करा.

ओटीपीवर बंधनं हवीत: एका नंबरला दहा मिनिटांत तीनच, चुकीचे पाच प्रयत्न झाले की तो ओटीपी रद्द, आणि एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) येणाऱ्या मागण्यांनाही मर्यादा. नाहीतर कोणीतरी यंत्राने हजारो ओटीपी मागवतं आणि बिल तुम्हाला येतं.

धुणाऱ्या माणसाचा फोन

ग्राहकाची बाजू सगळे नीट करतात. काम करणाऱ्याच्या स्क्रीनकडे कोणी बघत नाही. त्याचा हात ओला असतो, फोन साधा असतो आणि बेसमेंटच्या दुसऱ्या पातळीवर नेटवर्क शून्य. त्याला तीन मोठी बटणं पुरतात: पोहोचलो, सुरू, झालं. भाषा मराठी किंवा हिंदी. फॉर्म नको, टायपिंग नको.

नेटवर्क नसताना बटण दाबलं तरी नोंद फोनमध्येच, ब्राउझरच्या इंडेक्स्डडीबी या साठ्यामध्ये, राहिली पाहिजे आणि व्हॅन वर आल्यावर पाठवली गेली पाहिजे. आयफोनच्या सफारीत मागच्या मागे पाठवण्याची सोय नाही, म्हणून ॲप उघडताच शिल्लक नोंदी पाठवायचा कोड लिहा. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक वेगळी ओळख द्या, म्हणजे ती दोनदा गेली तरी सर्व्हरवर एकदाच लागते.

धुण्याआधीचे चार कोपऱ्यांचे फोटो सक्तीचे ठेवा. 'हा ओरखडा तुमच्या माणसाने पाडला' ही तक्रार या धंद्यात येतेच, आणि वेळेची नोंद असलेला फोटो नसेल तर माणसाच्या पगारातून पैसे कापले जातात. ते होता कामा नये. फोटो फोनवरच १२८० पिक्सेलपर्यंत लहान करा. चार एमबीचा फोटो दोन-तीनशे केबीवर येतो आणि ओरखडा तरीही दिसतो. त्या फोटोंमध्ये नंबरप्लेट, घर, कधी माणसंही असतात. ते उघड्या लिंकवर ठेवू नका, काही मिनिटांतच मुदत संपणारी लिंक वापरा, आणि तक्रारीची मुदत संपली की पुसून टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यालाही हेच अपेक्षित आहे: कामापुरता डेटा, कामापुरता काळ.

पाऊस

पुण्यात जुलैच्या एखाद्या सकाळी दिवसाची सगळी बुकिंग एकाच वेळी हलवावी लागतात. ऑफिसच्या स्क्रीनवर त्यासाठी एक बटण हवं: व्हॅन निवडा, तारीख निवडा, 'पावसामुळे पुढे'. त्या दिवसाच्या प्रत्येक ग्राहकाला मेसेज जातो, त्यात त्याच्या पत्त्याप्रमाणे मोजलेल्या तीन नव्या वेळा आणि 'पैसे परत' हा चौथा पर्याय. वीस जणांना तीन-तीन वेळा दाखवताना त्या सगळ्या राखून ठेवू नका, दिवसच अडकून पडतील. जो आधी निवडेल त्याची वेळ. बाकीच्यांनी लिंक उघडली की त्यांना ताज्या वेळा मोजून द्या.

कशात बांधायचं

इतक्या कामाला जॅंगो (पायथनमध्ये वेब ॲप बांधायची तयार चौकट) आणि पोस्टग्रेस पुरेसे आहेत. जॅंगोचं ॲडमिन पॅनेल आयतं मिळतं, त्यामुळे ऑफिसची स्क्रीन जवळपास फुकट होते, आणि सुरुवातीला बुकिंग सांभाळणारी व्यक्ती ग्राहकापेक्षा जास्त वेळ ॲपमध्ये असते. लाराव्हेल (पीएचपीतली तशीच चौकट) येत असेल तर तेही चालेल, डेटाबेस मात्र पोस्टग्रेसच ठेवा. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला एक साधा सर्व्हर, रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी जाणारा बॅकअप, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप खरोखर उघडून पाहणं. मायक्रोसर्व्हिस (ॲपचे अनेक सुटे छोटे भाग करणं), नकाशावर हलणारी व्हॅन, रेफरल पॉइंट हे सगळं नंतर. हलणाऱ्या व्हॅनची हौस ग्राहकाला असते ती 'कधी येणार' हे कळत नाही म्हणून. निघताना एक मेसेज गेला, त्यात '२० मिनिटांत पोहोचतो' असं असलं आणि व्हॅन तशी पोहोचली, की नकाशा कोणी मागत नाही.

वेळही एका मिनिटाची सांगू नका. ग्राहकाला '९:०० ते ९:३० मध्ये पोहोचू' असं दाखवा, आत मात्र ९:०० धरून चाला.

सुरू करण्याआधी चार चाचण्या हव्यातच. एकाच वेळेसाठी पन्नास विनंत्या एकदम पाठवा. एकच पक्की झाली पाहिजे. तोच वेबहुक तीनदा पाठवा. पावती एकच निघाली पाहिजे. राखीव मुदत संपल्यावर पैसे आल्याचा संदेश पाठवा. नवी वेळ किंवा परतावा, दोन्हींपैकी एक झालंच पाहिजे. आणि फोन विमान मोडवर टाकून संपूर्ण काम 'झालं'पर्यंत न्या, मग नेटवर्क चालू करा; चारही फोटो आणि तिन्ही वेळा योग्य क्रमाने सर्व्हरवर दिसल्या पाहिजेत. त्यानंतर एक व्हॅन, एक विभाग आणि दोनच सेवा घेऊन चार आठवडे चालवा. दर शनिवारी ठरवलेली मिनिटं आणि लिटर शेजारी प्रत्यक्षातले आकडे मांडून वर्गांचा तक्ता दुरुस्त करा, आणि दुसरी व्हॅन त्या दुरुस्त तक्त्यावरच रस्त्यावर आणा.